ध्रुवावरच्या हिमाचा बर्फ होतो तरी कसा?

हिमरेषा (धागाकर्ता)

जुलै १९४२ मध्ये अमेरिकेची सहा पी-३८ आणि दोन बी-१७ विमानं ग्रीनलंडच्या हिमचादरीवर उतरवावी लागली. माणसं सगळी सुखरूप परत आली, विमानं तिथेच राहिली. १९९२ मध्ये त्यातलं एक पी-३८ बाहेर काढलं, तेव्हा ते पृष्ठभागाखाली सुमारे ८० मीटरवर होतं. त्याच तुकडीतल्या एका बी-१७ पर्यंत शोधपथक आधी पोचलं होतं, पण ते पार चेपलेलं निघालं.

हे सांगताना बरेच जण विमान 'बर्फात रुतत गेलं' असं म्हणतात. रुतलं वगैरे काही नव्हतं. दरवर्षी त्याच्यावर नवं हिम पडत गेलं आणि त्या भाराखाली आधीचं हिम दबत गेलं. आग्नेय ग्रीनलंडमध्ये हिमवृष्टी फार, म्हणून पन्नास वर्षांत एवढा थर साचला.

दुसऱ्या एका धाग्यावर 'बर्फातले बुडबुडे म्हणजे त्याच वर्षीची हवा' असं विधान आलं. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतेय. ध्रुवीय बर्फावरून आपण जे जे काढतो, म्हणजे जुनी हवा, जुनं तापमान, हिमचादरीचं घटतं वजन, त्या सगळ्याची मेख वरच्या शंभरेक मीटरमध्ये आहे. तिथे ते ना धड हिम राहिलेलं असतं ना धड बर्फ झालेलं. या मधल्या अवस्थेला फिर्न म्हणतात, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं असं मला मनापासून वाटतं.

घनतेपासून सुरुवात करते. नुकतं पडलेलं, वाऱ्याचा मार न बसलेलं हिम घनमीटरला ५० ते १०० किलो भरतं. ध्रुवीय पठारांवर वारा कण फोडतो, लोळवतो, पुन्हा घट्ट बसवतो, त्यामुळे पृष्ठभागावरच ३०० किंवा त्याहून जास्त. निखळ बर्फ ९१७. या ३०० ते ९१७ च्या प्रवासात तीन टप्पे दिसतात.

पहिला टप्पा साधारण ५५० पर्यंत. हिमाच्या चांदणीची टोकं फार काळ टिकत नाहीत. टोकदार भागावरून बाष्प सुटतं आणि खोलगट भागात, विशेषतः दोन कण जिथे टेकलेत तिथे, जाऊन बसतं. कण गोल होतात आणि एकमेकांवरून सरकून जागा शोधतात. डब्यात धान्य भरताना डबा आपटला की धान्य खाली बसतं, तसंच हे. पण त्यालाही मर्यादा असते. गोलसर कण नुसते सरकून साधारण ६० टक्के जागा भरू शकतात. ९१७ चे ६० टक्के म्हणजे ५५०. घनतेच्या आलेखात नेमका तिथेच वेग मंदावतो.

पुढे सरकायला जागाच नसते. मग कण स्वतः आकार बदलतात. टेकलेल्या जागी मान तयार होते, ती जाड होत जाते, वरच्या भाराने स्फटिक आतून हळूहळू वाहतो, मोठे कण लहानांना गिळतात. इतक्या थंडीत घन पदार्थ वाहतो कसा? उणे ५० सेल्सिअस म्हणजे २२३ केल्विन, आणि बर्फ वितळतो २७३ ला. आपल्याला हाडं गोठवणारी वाटणारी ही थंडी बर्फाच्या दृष्टीने वितळणबिंदूच्या ८० टक्क्यांवर आहे. त्या तापमानाला लोखंड जेवढं ताठ असतं, तेवढा बर्फ नसतो.

८२०-८३० च्या आसपास तिसरा टप्पा. तोवर कणांमधल्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. आता वाटा बंद होतात आणि हवा सुट्या बुडबुड्यांत अडकते. त्या क्षणी जवळपास दहा टक्के जागा हवेची असते. यानंतर त्याला बर्फ म्हणायचं. पुढे बुडबुडे दबत जातात आणि घनता ९१७ कडे सरकते.

हे किती खोल आणि किती वर्षांत होतं ते जागेवर ठरतं. पूर्व अंटार्क्टिकातल्या लॉ डोमवर एका ठिकाणी वर्षाला मीटरभराहून जास्त बर्फाइतकं हिम पडतं आणि सरासरी तापमान उणे १९ च्या आसपास. तिथे चाळीसेक वर्षांत काम होतं. ग्रीनलंडच्या माथ्यावर ७०-८० मीटर खोली आणि दोनशेहून जास्त वर्षं. दक्षिण ध्रुवावर १२० मीटर आणि हजारेक वर्षं. पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावरच्या व्होस्तोक ठाण्यावर वर्षभरात पडणारं हिम वितळवलं तर जेमतेम दोन सेंटिमीटर पाणी होतं, सरासरी तापमान उणे ५५. तिथे हिमाचा बर्फ व्हायला तीन हजार वर्षं लागतात.

वाचनवेडी

छान धागा! वाचनखूण साठवली.

एक शंका. मी समजत होते की वरचं हिम उन्हाने थोडं वितळतं, पाणी आत झिरपतं, परत गोठतं आणि असा बर्फ होतो. तुम्ही तर पाण्याचं नावच घेतलं नाही.

हिमरेषा

वाचनवेडी, डोंगरातल्या बहुतेक हिमनद्यांवर तुम्ही म्हणता तसंच होतं. पाणी पोकळ्यांत शिरून गोठतं आणि काही वर्षांत किंवा काही दशकांत काम उरकतं. ध्रुवीय हिमचादरींच्या उंच, थंड मध्यभागात मात्र उन्हाळ्यातही वितळण जवळजवळ नसतं. कार्ल बेन्सन यांनी १९५० च्या दशकात ग्रीनलंडवर लांबलांबचे प्रवास करून, जागोजागी खड्डे खणून हे पट्टे आखून दिले: कोरड्या हिमाचा पट्टा, थोडं पाणी झिरपणारा पट्टा, पूर्ण भिजणारा पट्टा. मी वर लिहिलेलं सगळं कोरड्या पट्ट्याबद्दल आहे. तिथे हिमाचा बर्फ होताना पाण्याचा थेंबही लागत नाही.

वरून आलेली ऋतूंची उष्णता फार खोल जात नाही. दहाएक मीटरवर वर्षभर जवळपास एकच तापमान असतं आणि ते त्या जागेच्या वार्षिक सरासरीइतकं असतं.

असा खड्डा कसा दिसतो तेही सांगते. शेजारीशेजारी दोन खड्डे खणायचे, मध्ये पातळ भिंत ठेवायची. एक खड्डा वरून झाकायचा आणि दुसऱ्यातून ऊन येऊ द्यायचं. भिंत निळी उजळते आणि थर मोजता येतात. उन्हाळ्याचा थर जाड दाण्यांचा, हलका, त्यातून प्रकाश जास्त येतो. उन्हाने वरचे काही सेंटिमीटर तापतात, रात्री पृष्ठभाग झपाट्याने थंड होतो, आतलं बाष्प वर जाऊन मोठे कंगोरेदार स्फटिक धरतात. हिवाळ्याचा थर बारीक दाण्यांचा, वाऱ्याने घट्ट बसवलेला, म्हणून गडद. मधूनच बोटभरही नसलेला एखादा कडक पापुद्रा, एखाद्या वादळाचा. असे फोटो मिळाले तर जरूर बघा.

कातळ

उत्तम लेख. यात सॉर्गे यांचं नाव यायला हवं, म्हणून भर घालतो.

आल्फ्रेड वेगेनर यांच्या १९३०-३१ च्या मोहिमेत ग्रीनलंडच्या मध्यावर आइसमिटे नावाचं ठाणं होतं, पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत. योहानेस गेओर्गी, एर्न्स्ट सॉर्गे आणि फ्रिट्झ लोवे या तिघांनी तिथे फिर्नमध्येच खोदलेल्या गुहेत हिवाळा काढला. लोवे यांच्या पायाची बोटं हिमदंशाने गेली होती, ती तिथेच कापावी लागली. ठाण्यावर रसद पोचवून परतताना वेगेनर आणि त्यांचे ग्रीनलंडवासी सोबती रास्मुस व्हिलुमसेन दोघंही वारले. अशा हिवाळ्यात सॉर्गे पंधरा मीटर खोल विवर खणत होते आणि थराथराची घनता मोजत होते.

त्यांच्या मोजणीतून जे कळलं त्याला पुढे, १९५४ मध्ये, हेन्री बादर यांनी सॉर्गेचा नियम म्हटलं. एखाद्या जागी तापमान आणि दरवर्षीची हिमवृष्टी बदलली नाही, तर ठरावीक खोलीवरची घनताही वर्षानुवर्षं तीच राहते. थर खाली जात राहतो, त्याच्या जागी वरचा येतो, पण वीस मीटरवर आज जी घनता आहे तीच पन्नास वर्षांनीही असेल.

वाचायला साधं वाटतं, पण याचा अर्थ असा की एका विवराच्या मोजणीतून हिमाचा पुढचा सगळा इतिहास वाचता येतो. खोली हेच वेळेचं माप होतं. १९८० मध्ये हेरॉन आणि लँगवे यांनी याच पायावर सूत्र बसवलं. पृष्ठभागाची घनता, सरासरी तापमान आणि वार्षिक हिमवृष्टी एवढ्या तीन आकड्यांवर ते अख्खा घनतेचा आलेख देतं. नंतर बरीच गुंतागुंतीची सूत्रं आली, तरी ताडून बघायला आजही हेच वापरतात.

अनघड

ते बुडबुड्यांचं विधान माझं होतं. धागा वाचला, घनतेचा भाग पटला. हवेचा नाही.

साठ-सत्तर मीटरवरचं फिर्न म्हणजे ७००-८०० घनतेचा जवळपास दगड. त्याच्या आरपार बाहेरची हवा तळापर्यंत खेळते यावर विश्वास कसा ठेवायचा? पोकळ्या जोडलेल्या असतील, पण इतक्या अरुंद वाटांतून हवा अडूनच राहणार. म्हणजे हिमासोबत आलेली हवा त्याच हिमात. यापेक्षा वेगळं आहे याचा प्रत्यक्ष पुरावा आहे का? सूत्रांतून आलेला नको.

हिमरेषा

अनघड, प्रत्यक्ष पुरावा आहे, आणि तो हवा उपसूनच मिळवलेला आहे.

फिर्नमध्ये भोक पाडत जायचं. हव्या त्या खोलीला थांबून भोकात रबरी फुगा सोडायचा आणि फुगवायचा, म्हणजे वरून येणारी हवा बंद. फुग्याच्या आरपार गेलेल्या नळीने त्याखालची हवा ओढून बाटल्यांत भरायची. मग फुगा काढायचा, आणखी काही मीटर भोक पाडायचं, पुन्हा तेच. वाटा बंद असत्या तर पंपाला हवा मिळालीच नसती. अगदी तळाशी पोचल्यावर ती खरोखरच मिळेनाशी होते आणि तीच बंद होण्याची खोली.

१९९० च्या दशकात दक्षिण ध्रुवावर अशी हवा काढली. तळाच्या हवेचं वय विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जातं. तिच्या भोवतीचं फिर्न मात्र हजारेक वर्षांपूर्वी पडलेलं. शीतकपाटांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू घ्या. हे माणसाने विसाव्या शतकात बनवले. ते फिर्नमध्ये कित्येक मीटर खोल सापडतात, शेकडो वर्षं जुन्या कणांच्या मधल्या पोकळ्यांत. वरून खाली पोचल्याशिवाय ते तिथे येणार कुठून?

हवा वाऱ्यासारखी वाहत नाही हे तुमचं बरोबर आहे. वरचे काही मीटर सोडले तर ती रेणूरेणूने पसरत खाली जाते, आणि या पसरण्याला शेकडो वर्षं नाही, साधारण काही दशकं लागतात. हवा स्तब्ध असल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते. जड रेणू किंचित जास्त प्रमाणात तळाशी जमतात. नायट्रोजनचा १५ वजनाचा समस्थानिक तळाला थोडा वाढलेला असतो आणि ही वाढ स्तंभाच्या उंचीप्रमाणे बदलते. बुडबुडा बंद झाला की तो आकडाही आत बंद. म्हणजे लाखभर वर्षांपूर्वीच्या बुडबुड्यातला नायट्रोजन मोजून त्या काळी तिथे फिर्न किती जाड होतं ते काढता येतं. मला या सगळ्या विषयात हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

तर बर्फाचं वय एक आणि त्यातल्या हवेचं वय दुसरं. हवा नेहमी तरुण. लॉ डोमच्या त्या जागी फरक तीसेक वर्षांचा, ग्रीनलंडच्या माथ्यावर दोनशेच्या आसपास, व्होस्तोकला आज तीन हजारांहून जास्त आणि हिमयुगात त्याहूनही मोठा.

आणि हा फरक नुसता तांत्रिक नाही. तापमानाचा अंदाज बर्फाच्या रेणूंवरून येतो, कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांतून. आधी काय वाढलं हे ठरवायचं तर दोन्ही घड्याळं जुळवावी लागतात आणि ती जुळवणी फिर्नच्या जाडीवर अवलंबून. २००३ मध्ये कायों आणि सहकाऱ्यांनी बर्फाचं घड्याळ बाजूलाच ठेवलं. तापमानाची खूणही त्यांनी बुडबुड्यांतल्याच आर्गॉनवरून घेतली. सुमारे २,४०,००० वर्षांपूर्वीच्या हिमयुगाच्या शेवटी कार्बन डायऑक्साइड अंटार्क्टिकाच्या तापमानवाढीच्या मागे सुमारे ८०० वर्षं होता असं त्यांना दिसलं. २०१३ मध्ये पारेनाँ आणि सहकाऱ्यांनी शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीसाठी नायट्रोजन-१५ वापरून फिर्नची जाडी काढली. तिथे दोन्ही जवळजवळ एकाच वेळी वाढताना दिसले.

भूमिती

हिमरेषा, कातळ, दोघांचेही आभार. उपग्रहांच्या बाजूने थोडं लिहिते, कारण तिथे फिर्नमुळे खरोखर डोकेदुखी होते.

क्रायोसॅट-२ (२०१०) आणि आइससॅट-२ (२०१८) हिमचादरीची उंची मोजतात. उंची दहा सेंटिमीटरने कमी झाली म्हणजे बर्फ किती गेला? निखळ बर्फ वितळून गेला असेल तर एक उत्तर, नुसतं फिर्न जास्त दबलं असेल तर उत्तर शून्य. उन्हाळे उबदार झाले की फिर्न लवकर दबतं आणि एक किलोही वजन न गमावता पृष्ठभाग खचतो. एखाद्या वर्षी हिमवृष्टी जोराची झाली तर उंची वाढते, पण ती वाढ बरीचशी हवेची असते. शंभर मीटर फिर्नची सरासरी घनता ६०० च्या वर धरली, तरी त्यातली सगळी हवा काढल्यास उंची तीसेक मीटरने घटेल. इतकी हवा हिशेबात असताना आपण सेंटिमीटरचे बदल शोधत असतो.

ग्रेस या जोड-उपग्रहांनी २००२ ते २०१७ दरम्यान, आणि २०१८ पासून ग्रेस-एफओ या पुढच्या जोडीने, गुरुत्वाकर्षणावरून थेट वस्तुमान मोजलं. त्यांना फिर्नचा हा घोळ नाही, पण त्यांची नजर फार ढोबळ. शेकडो किलोमीटरचा पट्टा ते एकत्र बघतात. म्हणून दोन्ही लागतात आणि मध्ये फिर्नचं गणित लागतंच.

कातळ यांनी सांगितलेल्या नियमात 'तापमान आणि हिमवृष्टी बदलली नाही तर' ही अट आहे. आता ती अटच पाळली जात नाहीये.

पश्चिमवारा

भूमितींना +१. वितळण होणाऱ्या पट्ट्यांत तर हा प्रश्न आणखी गंभीर आहे.

फिर्नच्या पोकळ्या वितळलेलं पाणी सामावून घेतात. पाणी आत गोठलं की ते समुद्रापर्यंत जात नाही. जुलै २०१२ मध्ये ग्रीनलंडचा जवळपास सगळा पृष्ठभाग वितळला, अगदी माथासुद्धा. माथ्यावरच्या गाभ्यात (भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या लांब दांड्यात) त्याआधीचा वितळणीचा थर १८८९ चा सापडतो. असे उन्हाळे लागोपाठ आले की झिरपलेलं पाणी फिर्नमध्ये काही मीटर जाडीच्या सलग बर्फाच्या लाद्या तयार करतं. खाली पोकळ्या शिल्लक असतात, पण पाणी लादी ओलांडून पोचत नाही आणि वरून थेट वाहून जातं. नैऋत्य ग्रीनलंडमध्ये हे मोठ्या भागावर दिसलंय.

आग्नेयेला उलटंच. तिथे २०११ च्या वसंतात, वितळणीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, गाभा काढताना यंत्राला चक्क पाणी लागलं. उन्हाळ्यातलं पाणी आत उतरतं, वर हिवाळ्याच्या हिमाची जाड दुलई पसरते आणि पाणी न गोठता वर्षभर फिर्नमध्ये टिकून राहतं.

अंटार्क्टिकाच्या लार्सन बी हिमफळीचं (समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या फळीचं) २००२ मध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत असेल. ३,००० चौरस किलोमीटरहून मोठा भाग काही आठवड्यांत फुटून गेला. पाण्याची तळी पृष्ठभागावर साचतात ती फिर्नमधली जागा संपल्यावरच. मग ते पाणी भेगांत शिरतं आणि फळी आरपार चिरतं.

वाचनवेडी

माहितीपूर्ण प्रतिसाद सगळेच. अजून एक विचारते. बुडबुडे दबत जातात म्हणालात, मग शेवटी ते नाहीसे होतात का? खोलवरच्या बर्फाचे फोटो काचेसारखे स्वच्छ दिसतात.

कातळ

हवा जात नाही, रूप बदलते. पाचशे ते दीड हजार मीटर खोलीच्या दरम्यान दाब इतका वाढतो की वायूचे रेणू बर्फाच्या जाळीतच पिंजऱ्यात कोंडल्यासारखे बसतात. याला क्लॅथ्रेट म्हणतात. स्टॅनली मिलर यांनी १९६९ मध्येच असं होत असणार हे सांगितलं होतं. म्हणून खालचा बर्फ निरभ्र दिसतो.

या संक्रमणाच्या पट्ट्यातले गाभे फार ठिसूळ असतात. वर आणल्यावर आतल्या दाबाने तडकतात, कधी आवाज करत तुकडे उडतात. म्हणून ते महिनोन्‌महिने तसेच थंडीत ठेवून 'निवू' देतात आणि मगच कापतात. स्वच्छ गाभाही काही वर्षं साठवणीत राहिला की त्यात हळूहळू पुन्हा बुडबुडे दिसू लागतात.

अनघड

फुग्याचा प्रयोग वाचला, क्लोरोफ्लुरोकार्बनचंही. हवा तळापर्यंत पोचते हे मान्य.

आता पुढचा प्रश्न. हिमयुगात थंडी जास्त, म्हणजे फिर्न सावकाश दबणार आणि जाड होणार. पण त्या काळी हिमवृष्टीही कमी होती, म्हणजे भार कमी आणि थर पातळ होणार. दोन्ही एकमेकांच्या उलट. जिंकतं कोण? आणि जर सूत्रं आजच्या जागांवर बसवलेली असतील, तर आज कुठेच नाही इतक्या थंड, कोरड्या परिस्थितीला ती लावायची कशी?

हिमरेषा

नेमक्या याच जागी बरीच वर्षं गाडं अडलं होतं. पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर सूत्रं म्हणत होती की हिमयुगात फिर्न आजच्यापेक्षा जाड होतं. बुडबुड्यांतला नायट्रोजन-१५ म्हणत होता की पातळ होतं. काहींना वाटलं सूत्र चुकतंय, काहींना वाटलं की वरच्या थरात वारा हवा ढवळत असणार आणि नायट्रोजनचा आकडा फसवतोय.

२०२१ मध्ये ब्वीझर्ट आणि सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा फिरवला. फिर्नची जाडी आणि दोन वयांमधला फरक दोन्ही मोजणीतून घेतले आणि त्यांवरून तापमान काढलं. पूर्व अंटार्क्टिका शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात आजच्यापेक्षा ४ ते ७ अंशांनी थंड असावं असं उत्तर आलं. बर्फातल्या पाण्याच्या समस्थानिकांवरून आधी धरलेली घट याहून बरीच जास्त होती. पश्चिम अंटार्क्टिकासाठी मात्र १० अंशांच्या आसपासचा आकडा कायम राहिला. थंडी कमी धरली की सूत्र आणि नायट्रोजन यांचं बरंचसं जुळतं.

तेव्हा पूर्व पठारावर कमी हिमवृष्टीचं पारडं जड होतं, असं या मोजण्यांवरून दिसतं. आजच्या जागांवर बसवलेल्या सूत्राची तुमची शंका मात्र उरतेच. दोन सेंटिमीटरपेक्षाही कमी पाणी वर्षाला पडणाऱ्या, उणे ६० च्या जागी कण इतके सावकाश बदलतात की माणसाच्या आयुष्यात फरक मोजणंच अवघड. त्यासाठी प्रयोगशाळांत फिर्नचे तुकडे भाराखाली ठेवून एक्स-रे टोमोग्राफीने, म्हणजे न कापता आतलं चित्र घेऊन, मानांची वाढ बघतात. त्याबद्दल भूमिती किंवा कातळ यांच्यापैकी कुणी लिहिणार असेल तर वाचायला आवडेल.